खंडेनवमीची शिडी

आमच्या अग्निशमन केंद्राला शिडीची गाडी मिळाली ती माझ्यामुळे! आधीच सांगून टाकतो, कारण नगरसेवक वाल्मीकभाऊ हेच वाक्य स्वतःच्या नावाने सांगत फिरतात.

सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर मी एकच उद्योग धरला. वाल्मीकभाऊ दिसले की अडवायचं. "भाऊ, नाशकात इमारती वर चालल्या आणि तुमच्या बंबावरची शिडी आंबे उतरवायची! माणसं कशी उतरवणार?" शेवटी कंटाळून त्यांनी सभेत आवाज उठवला. कुंभमेळ्याच्या खरेदीत, लाखो रुपये मोजून, बटण दाबलं की लांब होणारी शिडी आमच्या घरासमोरच्या केंद्रात आली. लालभडक! नव्या नवरीसारखी!

आमच्या हिला मात्र ती बघायला मिळाली नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात ही गेली. "एक दिवस तुम्हीच उतराल त्या शिडीवरून," म्हणायची आणि हसायची.

खंडेनवमीला केंद्रात हत्यारांची पूजा होती आणि पूजेचा मान मला! शिडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, टोकाला केळीचा खुंट बांधला. गाडीचा चालक निवृत्ती, हरसूलकडचा गडी, म्हणाला, "अण्णा, शिडी जरा वर करू का? दारावर तोरण बांधायचंय."

"खबरदार! पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. आमच्या कारखान्यात आजच्या दिवशी साहेबसुद्धा पान्याला शिवत नसे!"

"आन् कुठं आग लागली तर?"

"जुना बंब आहे ना! बघू कोण शिडीला हात लावतो ते!"

मी प्रसादाचं खोबरं खात ऐटीत घरी आलो.

घरी हिच्या हत्यारांची पूजा राहिली होती. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन. दरवर्षी हीच करायची. मी सगळं ओट्याखाली मांडलं. मशीन उघडं बरं दिसेना, म्हणून त्याच्यावर हिची हिरवी साडी घातली. बाकीच्या साड्या वाटून टाकल्या होत्या, ही एकच ठेवली होती. उदबत्ती लावली, निरांजन लावलं. आणि फुलंच नाहीत!

हिची झेंडूची कुंडी खिडकीबाहेर छज्ज्यावर. मी खिडकीतून बाहेर उतरलो, फूल खुडलं, आणि मागे धाडकन आवाज! वाऱ्याने प्लायची झडप बंद झाली आणि आतून कडी पडली. मी तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर, हातात एक झेंडू!

झडपेच्या फटीतून बघितलं. ज्योत फडफडत होती आणि साडीचा पदर अगदी तिच्याजवळ हलत होता!

"निवृत्ती!" मी असा ओरडलो की गोदाकाठची कबुतरं उडाली असतील. "साडी पेटेल! शिडी आण!"

निवृत्ती पळत आला, पण जुना बंब घेऊन! जुनी शिडी लावली. माझ्या पायांपासून पुरुषभर खाली संपली.

"मेल्या, नवी आण!"

"ती पूजलेली हाय, अण्णा! हात कसा लावू? तुम्हीच म्हनले!"

"मीच सांगतो, आण!"

"मग शब्द मागं घ्या. मोठ्यानं! सगळ्या पोरांनी ऐकलं पायजे."

फटीतून आता धूर दिसला. माझं उरलंसुरलं अवसान गेलं. मी छज्ज्यावर हात जोडले, डोळे मिटले आणि ओरडलो, "शिडीबाई, चुकलो! ये लवकर!"

खाली टाळ्यांचा कडकडाट! डोळे उघडले तर रस्ता माणसांनी भरलेला. वाल्मीकभाऊ कुठूनसे माईक घेऊन हजर! "नागरिकहो, माझ्याच प्रयत्नाने आलेल्या शिडीचं हे प्रात्यक्षिक!"

"प्रात्यक्षिक नाही, मी खरंच अडकलोय!"

"वा अण्णा, काय हुबेहूब करता!" शेजारच्या बयाबाई खालून ओरडल्या. "आजून जरा वाका की!"

गाडी आली, शिडी वर चढू लागली. आधी हार आला, मग केळीचा खुंट थेट माझ्या तोंडात! पानं बाजूला सारत निवृत्तीने मला मिठी मारली आणि आम्ही लग्नाच्या मांडवासारखे हारापानांत सजून खाली उतरलो. पुन्हा टाळ्या! मी तसाच जिन्याकडे धावलो, माझ्यामागे निवृत्ती, त्याच्यामागे सगळी आळी.

माझ्या दाराला लॅच, किल्ली आत. निवृत्तीने कुंकू लावलेली कुऱ्हाड उगारली.

"थांब रे!" बयाबाई धापा टाकत वर आल्या आणि कंबरेची पिशवी सोडली. "दार कशाला फोडतो? किल्ली हाय ना माझ्याकडं!"

"तुमच्याकडे? मग इतका वेळ…"

"मला वाटलं, खेळ चाललाय! तुमच्या मंडळींनी दवाखान्यात जायच्या आधी दिली व्हती. म्हनल्या, हे कधी ना कधी अडकतीलच."

दार उघडलं. धूर उदबत्तीचा होता. निरांजन केव्हाच विझलेलं. तूप घालायला मी विसरलो होतो, नुसती वात जळली होती. साडी जशीच्या तशी.

मी झेंडू मशीनवर ठेवला. तो मात्र मुठीत धरून धरून पार चेंदामेंदा झाला होता.