अर्ध्यात राहिलेली लढत

किसन पैलवान कुणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या मानेवर मागून पंजा टाकतात, जरा दाबून बघतात आणि निकाल देतात, "कच्चं हाय." मी औंढ्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच दिवशी माझ्या मानेचा निकाल लागला. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या मानेचाही तसाच लागला होता. ते स्थळ पुन्हा त्या गल्लीत फिरकलं नाही.

त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती. एक चीत करणारा, दुसरा चीत होणारा. निवडणूक असो, बांधाचं भांडण असो, सगळ्याचा शेवट ठरलेला. "पाठ टेकली, विषय संपला!" ज्या तालमीत ते हे शिकले, तिथं आता कडबा भरलेला होता. पोरं पुण्याला कंपन्यांत गेली होती. तरी हा माणूस रोज सकाळी तालमीच्या उंबऱ्याला हात लावून यायचा. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा देवळाच्या रस्त्यावर सीड्या भाड्यानं देत होतो. एकदा नांदेडहून आणलेल्या गठ्ठ्यात विदेशी मारामारीची एक सीडी निघाली. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं सोडायचे, कुस्ती खेळा, ठोसे मारा, काहीही चालतं. पहिल्याच लढतीत एकीकडं रेड्यासारखा पैलवान आणि दुसरीकडं पांढऱ्या झग्यातला एक काटकुळा. हा काटकुळा जिऊ-जित्सू नावाची विद्या शिकलेला होता. पैलवानानं वाकून पट काढला, म्हणजे दोन्ही पाय खेचले, आणि काटकुळ्याला उताणा आपटला.

किसन पैलवानांनी मांडीवर अशी थाप मारली की माझा गल्ला हादरला. "पाठ टेकली! आपली इद्या जिंकली!" म्हणत ते तडक बाहेर पडले आणि महिनाभर हॉटेलाहॉटेलात त्या परदेशी पैलवानाचा विजय साजरा करत राहिले.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "पैलवान, तुम्ही गेल्यावर लढत चालूच होती. खालचा जिंकला."

"खालचा? पाठ टेकल्यावर?"

"हो. पडल्या पडल्या त्यानं पायांच्या कात्रीत वरच्याची मान आवळली."

त्यांचा विश्वास बसेना. भर दुकानात मला उताणं पाडून ते छातीवर बसले. "लाव पाय!" माझे पाय त्यांच्या कमरेपर्यंतही पोचेनात. गिऱ्हाईकं दारातून परत गेली. मी म्हटलं, त्यापेक्षा सीडी बघा की. तर नको. "पाहू मंग कवातरी."

आठवडाभर मात्र ते दुकानात आले नाहीत. मग एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "खाली पाडायला कुस्तीवानी इद्या न्हाई, मधुकर. पन खाली पडल्यावर काय करावं, हे आमाला कुनी शिकवलंच न्हाई."

ते थावराला भेटून आले होते, हे मला नंतर कळलं.

थावरा शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा. तरुणपणी दोघं एकाच तालमीत होते. थावरा त्यांची जोड, म्हणजे रोज ज्याच्याशी झटायचं तो गडी. जत्रेत दोघांची कुस्ती लावली की हलगीवाला थकायचा, पण निकाल लागायचा नाही. पंच वैतागून बराबरीत सोडवायचे. त्या थावराला लकवा झाला होता. उजवं अंग गेलेलं, बाजेवर उताणा पडून. दूध पाजायला गेलेल्या सुनेचा हात तो ढकलायचा. महिन्याभरात एकच वाक्य बोलला होता, "चीत झालो, किसन."

"तुझं ते सीडीचं डबं काढ," पैलवान मला म्हणाले. "टीव्ही बी घे. तांड्यावर जायचं."

टेम्पोत टीव्ही मांडीवर घेऊन मी कुरकुरत गेलो. बाजेच्या पायथ्याशी सगळं मांडलं. काटकुळा उताणा पडला तसे थावरानं डोळे मिटले.

"डोळे उघड," पैलवान त्याच्या कानाशी वाकून म्हणाले. "पाठ टेकली त्याची, पन अजून लढून राहिला बघ."

थावरानं डोळे उघडले. काटकुळ्यानं वरच्याचा हात पकडला, एक पाय हळूहळू खांद्याकडं सरकवला आणि लाईट गेली. भारनियमन. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात बाजेवरून जड आवाज आला, "मंग... काय झालं?"

मी सांगणार होतो. पण पैलवानांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी वायर गुंडाळायला लागलो. "काय म्हाईत," ते थावराला म्हणाले. "उद्या येतो, पाहू."

दुसऱ्या दिवशी लढत पहिल्यापासून लावली, तर तेच झालं. नंतरच्या खेपेलाही तेच. मी वैतागून म्हटलं, "पैलवान, लाईट रोज ह्याच वेळेला जाते. आपण दुपारी जाऊ."

ते मान हलवत म्हणाले, "आज त्यानं वाटीभर दूध पेलं. सुनंला म्हनला, उद्या किसन यायचा हाय, दाढी करून घ्या माही. शेवट दाखिवला, तर उद्या कशासाठी डोळे उघडील तो?"

त्यानंतर टीव्ही उचलायचा मला कंटाळा आला नाही.

सबंध उन्हाळा आम्ही असा काढला. थावरा डावा हात हलवून तोडकं तोडकं सांगायचा, "पायानं... मान धरल तो." लगेच पैलवान अंगावर जायचे, "काहून धरल? वरचा लई भारी हाय, त्याला मानच देनार न्हाई!" एक उताणा पडून जिऊ-जित्सूची बाजू लढवायचा, दुसरा उशाशी बसून कुस्तीची. थावरा चिडला की त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर रंग यायचा. सून दारात उभी राहून हसायची आणि पदरानं डोळे पुसायची.

पोळ्याच्या थोडं आधी थावरा गेला.

दहावं झाल्यावर पैलवान दुकानात येऊन बसले. माझ्या मानेवर हात टाकला नाही. इतका मोठा देह, पण स्टुलावर कसाबसा टेकवलेला. मला फार वाईट वाटलं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी ती सीडी लावली. लाईट होती.

"बघा तरी, पैलवान. थावरा म्हणायचा तस्संच होतं शेवटी."

पडद्यावर काटकुळा उताणा पडला. त्याचा पाय खांद्याकडं सरकू लागला. पैलवान उठले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी टीव्ही बंद केला.

"ऱ्हाऊ दे, मधुकर. शेवट पाहिला, तर आमचं भांडन मिटल."