‘बरं’ या शब्दाचा अधिकृत अर्थ

शुक्रवारी येणाऱ्या नव्या गाण्यांना गुरुवारी दुपारी चारच्या आत तारे देणे, हे काकांचं काम होतं. गाणं शुक्रवारी यायचं आणि मत गुरुवारी जायचं, यात वर्तमानपत्राच्या कचेरीत कुणालाच काही वावगं वाटत नसे. छपाई काय गाण्यासाठी थांबून राहणार आहे? सगळे त्यांना तारेकाका म्हणत. काका नऊ वर्षं तारे देत होते (तोडत होते, असंही काही जण म्हणत) आणि नऊ वर्षं ‘तात्पुरते’ होते. येत्या एक तारखेला त्यांना कायम करण्याचा आदेश निघणार होता. काकूंनी तर शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलं होतं.

अशात एका गुरुवारी पावणेचारला संपादकांचा फोन आला.

“एका नव्या मुलीचं गाणं येतंय. अभिप्राय द्या. अगदी थोडक्यात हं, जागा नाही.”

“बरं,” काका म्हणाले आणि कागद ओढायला वळले. तेवढ्यात संपादकांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवारच्या अंकात मुलीचा फोटो होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘बरं.’ – आमचे संगीतसमीक्षक.

काकांनी कपाळाला हात लावला. पण करता काय? संपादकांची चूक दाखवायची, तीही एक तारीख तोंडावर आलेली असताना? बिचारे मूग गिळून बसले.

दुपारपर्यंत वाचकांत उभी फूट पडली. एक गट म्हणाला, ‘बरं’ म्हणजे चांगलं. तब्येत बरी आहे म्हणतो तेव्हा माणूस काय अंथरुणाला खिळलेला असतो? दुसरा गट खवळला. मुलगा ‘बरा आहे’ एवढंच कळल्यावर कुणी आपली मुलगी देतं का? तिसऱ्या गटाला तर त्या शब्दात ‘बरं, बघून घेईन’ अशी सरळसरळ धमकी ऐकू आली आणि त्यांनी निषेधाचं पत्रक काढलं. ज्याला त्याला मत होतं. ज्याला नव्हतं, त्याने शेजाऱ्याचं घेतलं.

घरी काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि जाहीर केलं, “भिकार गाणं आहे हो.”

“ऐकलंस तू?”

“ऐकायचं काय त्यात? सगळे म्हणतायत.”

“अगं, चांगलं म्हणणारेही आहेत की.”

“त्यांचं सोडा. ते न ऐकताच बोलतात.”

सोमवारी कचेरीत ‘बरं अर्थनिश्चिती समिती’ बसली. अध्यक्ष स्वतः संपादक, सदस्य म्हणून प्रशासनाच्या बाई आणि तज्ज्ञ म्हणून व्याकरणाचे एक निवृत्त मास्तर. काकांना समोरच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

“सदर ‘बरं’ हे विशेषण आहे, होकार आहे की उद्गार?” मास्तरांनी विचारलं.

“होकार, सर.” काकांच्या तोंडून खरं निघून गेलं.

“गाण्याला होकार. नोंद करा, बाई.”

“तसं नव्हे हो! म्हणजे… मी आधी गाणं ऐकून येऊ का? चारच मिनिटांचं आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “ऐकून? मत छापून आल्यावर? आणि ऐकून तुमचं मत बदललं, तर आमचा अंक खोटा पडेल. त्याला जबाबदार कोण?”

“ऐकलेला माणूस पक्षपाती होतो,” मास्तर म्हणाले. “त्याला गाणं आवडू शकतं.”

यावर सर्वांचं एकमत झालं. बाईंनी लगेच प्रतिज्ञापत्र तयार केलं : ‘सदर गाणे मी ऐकलेले नाही व यापुढेही ऐकणार नाही; सबब माझे मत पूर्णतः निःपक्षपाती आहे.’ सोबत कायम करण्याचा आदेशही टाचणीने लावला होता. एकावर सही केली तरच दुसरा मिळणार होता.

“जरा तोंडावर पाणी मारून येतो,” म्हणत काका बाहेर पडले ते थेट जिन्याच्या वळणावर गेले आणि मोबाइल कानाला लावून उभे राहिले. नऊ वर्षांत त्यांनी एकही गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. मुलगी दारावरच्या घंटेबद्दल गात होती, वाजेल म्हणून वाट पाहण्याबद्दल. मध्येच एका ओळीत तिचा श्वास अडकला होता आणि तिने तो तसाच ठेवला होता. त्यांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग डोळे पुसले, आत गेले आणि सही केली.

आदेश खिशात घालून ते बाहेर आले, तर बाकावर फोटोतली तीच मुलगी बसली होती.

“तुम्हीच ना ते, काका? मला भांडायचं नाहीये हो. एवढंच विचारायचंय, तुम्ही ऐकलंत?” तिने मोबाइल पुढे केला. “हे बघा, चाळीस लाख मतं आलीत. आणि ऐकलंय फक्त तिघांनी. एक मी, एक आई. तिसरं कुणीतरी आत्ता दहा मिनिटांपूर्वी, तेही दोनदा, अगदी शेवटपर्यंत! तो कोण ते कळलं ना, तर मी पुढचं गाणं करीन. नाही तर आता पुरे झालं.”

काकांचा हात खिशातल्या कागदावर गेला. दार अर्धवट उघडं होतं आणि आत बाई फाइल बांधत होत्या.

“मी नाही ऐकलं,” काका म्हणाले. “नियम आहे तसा.”

मुलीने मान हलवली, आभारसुद्धा मानले आणि जिना उतरून निघून गेली.

तुम्हाला काकांचा राग आला असेल. येणारच. गाणं मात्र आवडलं ना? किती सुंदर आहे, हे चार जणांना सांगालही तुम्ही. अवश्य सांगा. ऐकणारे अजून तीनच आहेत.