सर्जेराव यांची लोहचुंबकानिशी स्वारी

श्री विश्वकर्मा समर्थ. ऐरणीस दंडवत, हातोडीस मुजरा, आणि ज्याच्या मोटारीस एकही पोचा नाही ऐसा कोणी असल्यास त्यास दुरूनच रामराम. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी, ते दिवशी श्रीमंत रंगराव यांचे पांढरे मोटारीवर जो प्रसंग गुदरला आणि त्यातून जे घडले, त्याचे वर्तमान यथामति लिहितो. आम्ही दस्तगीर उस्तादांचे गॅरेजात जुन्या टायरावर बसून, चहा घेत, बहुतेक सर्व डोळ्यांनी पाहिले आहे, सबब यात पदरचे थोडेच घातले आहे.

रंगराव दूध संघाचे दरबारी मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मोटार मूळची त्यांचे मेहुणे सर्जेराव यांची, "दाजी, एक ओरखडा नाही गाडीला, घरच्या माणसाला खोटं सांगीन का?" ऐसी ग्वाही देऊन सहा मासांपूर्वी त्यांनीच ती दाजींचे पदरी घातली. ते दिवशी मोटार मंडईबाहेर उभी असता पाण्याचा टँकर उलटा उलटा हटत, भोंग्यावर मंजुळ सूर वाजवीत आला आणि उजव्या दरवाजात शिरला. माघार घेता घेता हल्ला करावा ही युद्धकला आम्ही पूर्वी ऐकिली नव्हती. दरवाजास परातीएवढा पोचा पडला. मग रंगरावांनी मसलत केली आणि मोटार दस्तगीर उस्तादांकडे रवाना जाहली. सर्जेरावांचे मनात ती आपल्या दोस्ताच्या कारखान्यात जावी ऐसे होते, ते दाजींनी मानिले नाही, म्हणून ते बहुत रागावले.

उस्ताद म्हणजे पत्र्याचे कामातील मातबर असामी. चहाची बशी धरिता हात कापे, हातोडी धरिली की कापत नसे. त्यांचा बाणा एकच, की पोचा ठोकून काढावा, लांबीने बुजवू नये. लांबी म्हणजे रंगाखाली लिंपावयाची ती पुट्टी. हल्ली मुलखात जो तो खड्डा लिंपतो, वर रंग फवारतो आणि गिऱ्हाईक त्यात तोंड पाहून भांग पाडते. उस्ताद रंग सपाट बसण्यापुरती नखभर लावीत, अधिक नाही. त्यांनी दरवाजाचे आतील अस्तर काढिले आणि आतून लोखंडी ठोकळा धरिला आणि बाहेरून हातोडी चालविली, पत्रा तापविला, ओल्या फडक्याने निवविला, मग डोळे मिटून तळवा फिरविला आणि पुन्हा ठोकिले. ऐसे तीन दिवस झाल्यावर रंग मारिला.

इकडे सर्जेरावांनी पेठेत आवई उठविली, की म्हाताऱ्याची नजर गेली, आता नुसती लांबी थापतो. दोन गिऱ्हाइके दारापर्यंत येऊन माघारी गेली. उस्तादांनी ते पाहिले आणि दोन दिवस जेवले नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. मग मोटार न्यावयास रंगराव आणि त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईसाहेब आल्या, तो मागोमाग सर्जेरावही दाखल जाहले. हातात जुन्या स्पीकरातून काढिलेला लोहचुंबक.

"खाली पत्रा असला तर चिकटंल," सर्जेराव बोलिले, "लांबी असली तर पडंल. चालंल न्हवं, उस्ताद?"

उस्ताद म्हणाले, "लावा. पडला तर उद्यापासनं हे शटर वर जाणार नाही."

आम्हांस खरेच भय वाटले. चहा तसाच हाती राहिला. सर्जेरावांनी चुंबक दरवाजावर ठेविला, तो खट्ट करून बसला. वर लाविला, खाली लाविला, कडेस लाविला, आणि जेथे जेथे लाविला तेथे सोडविण्यास जोर करावा लागला. उस्तादांनी फडक्याने तोंड पुसले, आणि मग तेच फडके डोळ्यांस लाविले.

तेव्हा बाईसाहेबांस त्या खेळाची मौज वाटून त्यांनी चुंबक मागून घेतला आणि मोटारीस प्रदक्षिणा आरंभिली. पुढचे बंपरावर लाविताच चुंबक खाली पडला.

"पडला, पडला! मी म्हनत हुतो!" सर्जेराव गर्जले.

"बंपर प्लास्टिकचा असतोय, साहेब," उस्ताद शांतपणे म्हणाले. "कंपनीतनंच."

तोवर बाईसाहेब डावीकडे वळल्या.

"अक्का, तिकडं ऊन हाय," सर्जेराव घाईने बोलिले. "डोकं दुखंल तुझं."

बाईसाहेबांनी ऐकिले नाही. डाव्या दरवाजास चुंबक लाविला, तो पडला. उचलून वर लाविला, पडला. तिसरे खेपेस तो सर्जेरावांचे पायावर पडला आणि त्यांनी पायही मागे घेतला नाही.

रंगराव उस्तादांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. टिचकी मारली तर आवाज मडक्यागत आला. त्या दरवाजाला कवातरी चांगलाच मार बसलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब, दुरुस्तीला उजवा दरवाजा दिला होता. डावीकडं तुमचं सासर होतं."

रंगरावांस हसू आवरेना. बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चुंबक उचलिला, भावाचे हाती दिला आणि म्हणाल्या, "नात्यात लांबी भरावीच लागती, सर्जा. मी बी भरते, हे बी भरत्यात. पर नखभर. तू चार बोटं भरलीस."

सर्जेरावांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मग बाईसाहेबांचे हुकुमाने डावा दरवाजा खरवडला गेला, आणि उस्ताद बाहेरून ठोकीत असता आतून ठोकळा धरून बसण्याची चाकरी सर्जेरावांकडे आली. ती त्यांनी चार दिवस बिनतक्रार बजाविली.

एवंच मोटारीचे दोन्ही दरवाजे हल्ली लोहचुंबकास रुजू आहेत. उस्तादांचे दारी गिऱ्हाइकांची रांग आहे, इतकी की आमचा टायर कोणी ना कोणी बळकावितो. ठोकण्याचे आवाजाने सर्जेरावांस एका कानाने कमी ऐकू येते, परंतु अक्का हाक मारिती तेव्हा ते पहिल्या हाकेस ओ देतात.