लाथेश्वर की भिंताडे

लग्न जुळवणं ही कला आहे, आणि अख्ख्या फ्रँकफर्टात ती माझ्याइतकी कुणालाच येत नाही. हे मी एकटाच म्हणतो असं नाही. म्हणतो मीच, पण इथल्या मराठी मंडळातले लोक ऐकून घेतात. या गोष्टीआधी दोन लग्नं माझ्या नावावर होती. त्यातलं एक टिकलं, म्हणजे पन्नास टक्के. कुठल्याही धंद्यात हा चांगलाच आकडा आहे!

तिसरं लग्न मात्र मी हौसेने नाही, नाइलाजाने हातात घेतलं. माझी मेहुणी क्षितिजा पुण्याहून इथे विमानतळावर मालवाहतुकीच्या नोकरीला आली आणि "घर मिळेपर्यंत" आमच्याकडे उतरली. ज्यांनी फ्रँकफर्टात वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, शोधलंय ते आत्ता हसले असतील. या शहरातली अर्धी मराठी माणसं कुणाच्या ना कुणाच्या घरी "घर मिळेपर्यंत" राहत असतात. आमची खोली एक आणि हॉल एक. हॉल क्षितिजाला गेला. ती आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी राहत्या घराची नोंदसुद्धा आमच्याच पत्त्यावर करून आली, तेव्हाच मी काय ते समजलो.

मुलगी सोन्यासारखी हो. भांडी घासते, भाजी आणते, ताईचं डोकं दुखलं तर चहा करते. एकच व्यसन. अमेरिकन फुटबॉल! रविवारी संध्याकाळी सात वाजले की ती सोफ्यावर मांडी ठोकून बसायची ती पार मध्यरात्रीपर्यंत. हा खेळ तुम्ही पाहिलाय का? चार सेकंद मारामारी आणि मग पाच मिनिटं विचारविनिमय. आपल्या सोसायटीची सभा याच पद्धतीने चालते, पण ती बघायला कुणी तिकीट काढत नाही. तर रविवारभर ती माझ्या सोफ्यावर, आणि मी आत पलंगाच्या कडेला, मोबाइलवर बारीक आवाजात क्रिकेट बघत. माझ्याच घरात!

म्हणून मी योजना आखली. हाच आजार असलेला आणि स्वतःचं घर असलेला मुलगा शोधायचा.

देव पावला तो गणपतीत. आरतीत टाळ्या वाजवायला एका मुलाने हात वर केले, तर रेशमी कुर्त्याखाली फुटबॉलची जर्सी. हा सिद्धेश. रुसल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. दोन खोल्यांचं घर, बाल्कनी, शिवाय तळघरात सामानाची वेगळी खोली. तळघर ऐकल्यावर मी त्याच्याच पाया पडणार होतो.

क्षितिजानेही त्याला तिथेच पाहिलं होतं. घरी आल्यावर तिने ताईला सरळ सांगितलं, "मला आवडलाय तो. पण मी तोंड उघडलं की पळून जाईल." त्याला कारण होतं. आधी बर्लिनचा एक मुलगा तिला बघायला आला होता. मलाही फुटबॉल आवडतो, असं तो सहज म्हणाला आणि क्षितिजाने त्याची तोंडी परीक्षा घेतली. चहा यायच्या आत त्याला अचानक ट्रेन आठवली. त्या रात्री ती आमच्या हिला म्हणाली होती, "मी गप्प बसायला हवं होतं का गं?" एरवी खणखणीत बोलणाऱ्या मुलीचा आवाज एवढासा झाला होता. तेव्हापासून हिने मनावरच घेतलं. ही म्हणजे माझी बायको, निशिगंधा.

आता खरा घोळ ऐका. अमेरिकेत या खेळातल्या निवृत्त थोरामोठ्यांसाठी हॉल ऑफ फेम म्हणून एक सन्मानाचं दालन आहे. निवड झाली की तिथे माणसाचा ब्राँझचा पुतळा बसवतात आणि त्याला सोनेरी कोट देतात. आपल्याकडे शाल-श्रीफळावर भागतं. दर हिवाळ्यात कुणाला घ्यावं यावर तिकडे रणकंदन होतं, आणि त्या वर्षी ते माझ्या हॉलमध्ये चालू होतं. दोन नावं अडली होती. मला अमेरिकन नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी आपली बारशी केली, आणि पुढे तीच नावं सगळ्यांच्या तोंडी बसली. एक लाथेश्वर. याचं काम म्हणजे सामन्यात अधूनमधून यायचं, चेंडूला अचूक लाथ घालायची, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचं. दुसरा भिंताडे. देह भिंतीसारखा. हा चेंडूला हातही लावत नाही. आपल्या गड्याच्या अंगावर येणारी माणसं नुसती अडवत राहतो. त्याच्या नावावर ना धावा ना गोल. तो चुकला तरच लोकांना कळतं की तो होता.

क्षितिजा लाथेश्वरची कट्टर. सिद्धेश भिंताडेचा भक्त. हे मला कळलं तेव्हा बघण्याचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. सिद्धेशची आई साताऱ्याहून मुद्दाम आलेली. म्हटलं, पहिल्याच भेटीत हे दोघं लाथेवरून भांडणार आणि माझा सोफा जन्मभर जाणार.

मी सिद्धेशला कॉफीला बोलावलं आणि समजावलं की बाबा रे, त्या दिवसापुरता तू लाथेश्वरचा हो. तो म्हणाला, दादा, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी म्हटलं, तत्त्वं लग्नानंतर काढ. तेव्हाही काढता येत नाहीत, पण ते तुझं तुला कळेल. मग क्षितिजाची सोफ्यावरची सगळी भाषणं मी त्याच्याकडून घोटून घेतली. बर्फात मारलेली लाथ, शेवटच्या क्षणी मारलेली लाथ, बासष्ट मीटरवरून मारलेली लाथ. पोरगं हुशार, दोन कॉफ्यांत पाठ झालं.

हिला यातलं काही बोललो नाही. हिच्या पोटात काही राहत नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून हिने मला सांगितलं नाही, की त्याच आठवड्यात तिने क्षितिजाला बाजूला घेऊन भिंताडेची बाजू पढवली होती. एवढा एक तास सिद्धेशसारखं बोल, मग आयुष्यभर आहेच तुझं, असं म्हणून! बर्लिनचा अनुभव ताजा होता, म्हणून क्षितिजाही कबूल झाली. इतकी वर्षं संसार केला, आमचे विचार कधी जुळले नाहीत. जुळले ते नेमके तेव्हा.

शनिवारी दुपारी सिद्धेश आणि शोभनाकाकू आले. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. बसल्या बसल्या त्यांनी हॉलकडे अशी नजर टाकली, की मी नकळत हाताची घडी घातली. हिने सकाळपासून खिडक्या पुसल्या होत्या, बाथरूम घासलं होतं, भारतीय दुकानातून कढीपत्ता आणला होता. पोह्यांवर खोबरं असं भुरभुरलं होतं की घरात पडलेला पहिला बर्फ वाटावा. मी इस्त्रीचा कुर्ता घालून वेळेवर येऊन बसलो.

पोहे आले, नोकरीचं झालं, हवेचं झालं. मग काकूंनी विचारलं, आवडीनिवडी काय? मी सिद्धेशला डोळ्याने खूण केली. त्याने घसा खाकरला आणि सुरू केलं, की लाथेश्वरला हॉल ऑफ फेम मिळालाच पाहिजे. क्षितिजाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. नंतर ताईकडे पाहिलं. आणि मग पोरीने धडा म्हणायला घेतला, की लाथेश्वर कसला, मान भिंताडेचाच.

माझ्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला.

दोघंही कबूल केल्याप्रमाणे बोलत होते हो! तो तिचे मुद्दे तिच्याच अंगावर घालत होता, ती त्याचे त्याच्या. आणि पाठ केलेल्या गोष्टीत माणूस जरा जास्तच जोर लावतो. ती म्हणाली, लाथ मारायला काय लागतं, दोन मिनिटांचं काम. तो म्हणाला, अडवायला काय लागतं, वजन. आवाज चढले. ही पदराआडून क्षितिजाला चिमटे काढत होती आणि मी टीपॉयखालून सिद्धेशचा पाय दाबत होतो. म्हटलं, बदल बाबा, तुझ्या मूळ मतावर ये, ती भिंताडेचीच झालीये.

त्याला ते कळलं. दुर्दैवाने चिमट्याचा अर्थ तिलाही त्याच क्षणी कळला.

"तसं बघायला गेलं तर भिंताडेचंही बरोबर आहे," सिद्धेश म्हणाला.

"नाही, नाही, लाथेश्वरच," क्षितिजा म्हणाली.

आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून. फक्त बाजू बदललेल्या. आता तर दोघं आपापलं खरं मत बोलत होते, त्यामुळे धार आणखी वाढली. शोभनाकाकू टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवत होत्या. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली. मुख्याध्यापिकेने बशी ठेवली की वर्ग गप्प होतो. आमचाही झाला.

"सिद्धेश, मघाशी तू उलटं बोलत होतास. आणि ही मुलगीही. ज्यांचं मत पोहे गार होईपर्यंत टिकत नाही, त्यांनी संसाराच्या गप्पा मारू नयेत. चल."

त्या खरंच उठल्या. क्षितिजाचा चेहरा उतरला. तिने कुणाकडेच पाहिलं नाही, नुसती हातातली बशी उगाच फिरवत राहिली. मला, खरं सांगतो, पहिल्यांदाच सोफा आठवला नाही. या पोरीला तो आवडला होता, आणि ती गप्प बसली नाही म्हणून नव्हे, तर आम्ही तिला भलतंच बोलायला लावलं म्हणून तो चालला होता.

तेवढ्यात तिनेच मान वर केली. "एक मिनिट. मघाशी तुम्ही बासष्ट मीटर म्हणालात. या खेळात यार्ड असतात. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," सिद्धेश म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मीटर म्हणता."

"मी कशाला म्हणेन? या घरात यार्डाला मीटर फक्त जिजू म्हणतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने पोह्यांच्या पातेल्याकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं, माझंही आणि हिचंही. काकू पुन्हा खाली बसल्या, आणि आपल्या मुलाला नव्हे, मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं शिकलेली माणसं ना?"

सिद्धेश मात्र हसत सुटला होता. त्याने क्षितिजाला विचारलं, बाहेर एक चक्कर मारायची का, भांडण अर्धवट राहिलंय. दोघं कोट घालून माइन नदीच्या काठाला गेले. इकडे काकूंनी पोह्यांची दुसरी बशी घेतली आणि माझं शिक्षण कुठल्या शाळेत झालं याची चौकशी केली. मी सांगितलं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

तासाने दोघं आले ते थंडीने नाकं लाल करून, जिन्यातसुद्धा भांडत.

"आई, माझं ठरलं," सिद्धेश म्हणाला.

"माझंही," क्षितिजा म्हणाली. "मतं जुळत नाहीत आमची. पण दोघांनीही आपलंच बोलायचं, एवढं नक्की केलंय."

आमच्या हिने डोळे पुसले. मीही पुसले असते, पण मी हॉलचं माप घेत होतो.

उन्हाळ्यात साताऱ्याला लग्न झालं, क्षितिजा रुसल्सहाइमला गेली. गणपतीत मंडळाने जोडप्याचं कौतुक केलं आणि लग्न जुळवल्याबद्दल मला शाल-श्रीफळ दिलं. मी छोटंसं भाषण केलं. छोटंसं म्हणजे लोक उठेपर्यंत. माझी दूरदृष्टी, माझी पारख, आरतीत मी कशी जर्सी हेरली, सगळं आलं त्यात. ही तेव्हा आत मसाला दूध ढवळत होती.

घरी आलो. हॉल मोकळा, सोफा मोकळा, रिमोट माझ्या हातात. शाल पांघरून आडवा झालो आणि समाधानाने म्हटलं, "काही म्हण, गेल्या हिवाळ्यात लाथेश्वरवर अन्यायच झाला. घ्यायला हवा होता त्याला."

ही दारात उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला लाथेश्वरच आवडणार," ती म्हणाली. "इतके महिने तिला कोणी सांभाळलं? तिच्याजवळ रात्री कोण बसलं? घर कोणी घासलं, पोहे कोणी केले, काकूंना नंतर रोज फोन करून कोणी शांत केलं? तू शेवटी इस्त्रीच्या कुर्त्यात आलास, एक लाथ मारलीस, तीही चुकीच्या दिशेने. आणि शाल तुला."

एवढं बोलून तिने आतून उशी आणून सोफ्यावर ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्याला आता आठवडा झाला. सोफा हवा होता, मिळाला, रात्रीसकट मिळाला. विचार करायला वेळ भरपूर आहे, आणि मी प्रामाणिकपणे केला. तिचं अक्षर न् अक्षर मला पटलं. घरात भिंताडे ती आहे आणि पुतळा मी माझा बसवून घेतला. काल सकाळी स्वतः चहा केला, कप घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि मनापासून म्हणालो, "निशी, चुकलो मी. मान भिंताडेचाच आहे."

तिने चहा घेतला. एक घोट प्यायली. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "खरं सांग. हे तुला कोणी पढवलं?"