आईने नुसतं बघितलं

दादाचा अर्ज अकराच्या आत गेला नाही, तर नोकरी गेलीच म्हणायची. घड्याळात दहा पंचावन्न झाले होते आणि आई त्याच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होती. म्हणजे संकटाची अगदी जय्यत तयारी होती.

दादाचं मानेखाली काही हलत नसे. संगणक तो डोळ्यांनी चालवी. पडद्याखाली कॅमेऱ्याची एक पट्टी होती. नजर जिथे दीड सेकंद थांबेल, ते दाबलं जाई. असं बघून बघूनच तो पुस्तकांची मुद्रितं तपासायला शिकला होता. आता प्रकाशकाच्या अर्जातला शेवटचा प्रश्न उरला होता: काम कुठून करणार, घर की कार्यालय?

"घर!" आई म्हणाली. "बाहेर कोण बघणार तुझ्याकडे? माझ्या जिवाला घोर नको."

आठवडाभर हेच चाललं होतं. दादाला चार माणसांत बसायचं होतं, चहाच्या वेळी साहेबांच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकायच्या होत्या. पण आईचा चेहरा बघून बिचाऱ्याने हार मानली आणि निमूट ‘घर’ निवडलं.

"नक्की तेच ना?" खातरी करायला आईने डोकं आणखी पुढे घातलं.

पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला.

"आई, मागे हो! कॅमेऱ्याने तुझे डोळे धरलेत!"

"मी कशालाही हात लावलेला नाही हं!"

"हात नाही गं, डोळे! बघू नकोस!"

बघू नकोस म्हटल्यावर न बघणारी आई अजून जन्माला यायची आहे. नको ते निवडलं जाईल या धास्तीने ती ‘कार्यालय’कडे डोळे वटारून बघत राहिली.

टक्! ‘कार्यालय’.

"अगं बाई! आणि हे खाली हिरवं काय आहे?"

टक्! अर्ज गेला.

"मी रागाने बघत होते रे त्याच्याकडे!" आई रडवेली झाली.

"कॅमेऱ्याला राग कुठला कळायला? नुसती नजर कळते."

तेवढ्यात पडद्यावर चौकट उघडली: ‘उत्तर बदलायचं असल्यास वीस सेकंदांत इथे दाबा.’ आई धावत दारापर्यंत मागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"बदल लवकर! मी बघत नाहीये!"

दादाने डोळे गच्च मिटून घेतले.

"झालं का रे?"

"थांब गं, डोळ्यात काहीतरी गेलंय."

आणि ते वीस सेकंद काही केल्या निघालं नाही.