अंदाज सोडण्याचं व्रत

कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. मी मागच्या संकष्टीला बाप्पासमोर हात जोडून अंदाज सोडला.

कारण आमची सून. अपूर्वाने नोकरी सोडून मुलुंडच्या आमच्या घरात केकचा व्यवसाय मांडला, आणि सरावाचे केक माझ्यामुळे बसले. ती वाटी सपाट करून साखर घेई. मला ते बघवेना. माप कसं शिगोशीग हवं, वर चिमूटभर देवाची (माझी चिमूट जरा मोठी आहे). तेवढ्यात बी विंगमधल्या रश्मीने मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक सांगितला आणि मी घाबरले. पहिलीच ऑर्डर. ही बिघडली तर पोर पुन्हा ऑफिसला जायचं म्हणत होती. म्हणून बाप्पाला म्हटलं, एवढी ऑर्डर नीट पार पडू दे, यापुढे मी काहीही अंदाजाने करणार नाही.

अपूर्वाने डिजिटल काटा आणला, त्याच्या भांड्यासकट. वाढदिवसाच्या दिवशी ती केकचे खोके आणायला गेली आणि तिकडेच अडकली. फोन आला, "आई, बाकी सगळं मोजून ठेवलंय. फक्त साखर दोनशे ग्रॅम घाला, कालवा आणि ओव्हनमध्ये ठेवा. काटा सांगेल तेवढीच हं."

नवी वस्तू, पहिलं काम. मी काट्याला हळदकुंकू लावलं, भांड्यात नारळ ठेवला आणि मग बटण दाबलं. शून्य आलं. मला भरून आलं. देवाला वाहिलेल्याचं वजन करायचं नसतं, हे यंत्रालाही कळतं.

नारळ उचलून देव्हाऱ्यात ठेवला. बघते तर काट्यावर कसलासा आकडा आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ. कुंकवाचं बोट लागलं असेल म्हणून पदराने पुसली, जाईना. साखर घालू लागले. आकडा चढायचा सोडून उतरत गेला, शून्यावर आला आणि मग चढू लागला. रेघही गेली. (नव्या सुनेलाही रुळायला वेळ लागतो, हा तर काटा.) दोनशे होईपर्यंत डब्याचा तळ दिसला. माझा हात सांगत होता, बाई, ही अख्ख्या विंगच्या शिऱ्याची साखर आहे. पण हात म्हणजे अंदाज, आणि तो तर मी सोडलेला.

केक फुगला, मधोमध खचला आणि कडेने पाक उकळू लागला. आमच्या ह्यांनी (मालवणचे, चाखल्याशिवाय मत देत नाहीत) एक तुकडा दाताने मोडला आणि म्हणाले, "चिक्की झकास झाली गो."

अपूर्वा आली. रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "आई, कसं मोजलंत ते दाखवा."

मी हळदकुंकवापासून सुरुवात केली. नारळ उचलला तशी ती जमिनीवरच बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काट्याने नारळालाच शून्य धरलं होतं. केकमध्ये नारळाच्या वजनाइतकी साखर जास्त गेली होती.

"म्हणजे नवसच चुकला गं माझा."

"नवस बरोबर होता, आई. नारळ शेजारी ठेवायचा होता." तिने रिकामं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "मी खालच्या दुकानातून साखर घेऊन येते. पण मोजायची पुन्हा तुम्हीच."

मोजली. एक दाणा बाहेर उडाला, तोही शोधून आत घातला. केक वेळेवर पोचला. रश्मीच्या लेकीने सुरीची वाट न बघता दोन्ही हात त्यात घातले, आणि त्याच पार्टीत आणखी दोघींनी केक सांगितले. अपूर्वा आता नोकरीचं नाव काढत नाही.

आमच्याकडे हल्ली मीठसुद्धा वजनावर पडतं. परवा मी शेजारच्या माधुरीला सांगत होते, माझं वजन असेल अंदाजे साठ. अपूर्वाने माणसांचा काटा आणून माझ्या पायाशी ठेवला. म्हणाली, "अंदाज सोडलाय ना, आई?"

आकडा इथे लिहीत नाही.

तर मैत्रिणींनो, तुम्हीही अंदाज सोडून बघा, बाप्पा पावतो. साखर मोजताना नारळ काट्याशेजारी ठेवा. माणसांच्या काट्यावर मात्र आधी नारळ ठेवा, मग बटण दाबा, नारळ उचला आणि मगच वर उभ्या राहा. नारळ तेवढा मोठा बघून घ्या.