शेवंताबाईंच्या ढोलीची फट

एका जंगलात, बाळांनो, झाडं होती, ओढा होता आणि न्यायालयसुद्धा होतं. जंगल तसं सुधारलेलं होतं. आता नीट ऐका. आणि ऐकताना शेजारच्याच्या डब्यात बघू नका.

त्या जंगलात एका बेहड्याच्या ढोलीत शेवंताबाई नावाची धनेशीण राहायची. धनेश पक्ष्यांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत बसल्या बसल्या तिची उडायची पिसं गळून जातात. नवरा बाहेरून उंबरं आणून फटीतून भरवतो. नवी पिसं येईपर्यंत आपल्याला कुणी बघू नये, एवढीच तिची इच्छा असते.

एकदा शेवंताबाईंचे यजमान, रावजी, उंबरं आणायला गेले होते. तेवढ्यात फटीशी एक डोळा आला. तो रावजींचा नव्हता.

"कोण आहे?"

"मी टकाचोर. चालू द्या तुमचं."

हा टकाचोर म्हणजे लांब शेपटीचा आणि त्याहून लांब जिभेचा पक्षी. दुपारपर्यंत त्याने पाणवठ्यावर दवंडी पिटली. "ऐका हो! धनेशिणीच्या अंगावर पिसं नाहीत!" माकडं पोट धरून हसली. मोरांनी नाकं मुरडली. दरवर्षी आपलाही पिसारा गळतो, हे त्यांना त्या दिवशी आठवलं नाही.

शेवंताबाई आधी रडल्या, मग चिडल्या. "अहो, न्यायालयात जा," त्या म्हणाल्या. "मला बाकी काही नको. पिल्लं उडेपर्यंत कुणी आत डोकावू नये, एवढंच मागा."

न्यायाधीश होते अस्वलराव. फार सज्जन. कुणावर अन्याय झाला की त्यांना जेवण जात नसे, म्हणून ते आधी जेवून घेत.

टकाचोराचे वकील साळिंदर उभे राहिले. "महाराज, माझा अशील खोटं बोलला का? पिसं नाहीत म्हणाला. नाहीतच! शिवाय फट ठेवली कुणी? यांनीच. ज्याला लपायचंय तो फट ठेवील कशाला?"

"मग उंबर कुठून द्यायचं?" रावजी कळवळून म्हणाले.

"मध्ये बोलू नका," अस्वलराव म्हणाले. "वकीलसाहेब, गोष्ट खरी असली म्हणून दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. पण आत लपवण्यासारखं होतं तरी काय, हे न्यायालयाला कळायला नको? ऐकीव गोष्टीवर न्याय होत नाही. आपण जागा पाहू."

"आणि न्याय सगळ्यांसमक्ष व्हावा," साळिंदर म्हणाले. हे मात्र सगळ्या जंगलाला एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली जत्रा भरली. अस्वलराव झाडावर चढले. फटीला डोळा लावायला गेले, तर नाकच आडवं आलं. "काहीच दिसत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पंज्याने भिंत पाडली.

आत शेवंताबाई होत्या. दोन उघडी पिल्लं होती. शेवंताबाई त्यांच्यावर पंख धरायला गेल्या, पण पंखात धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पिसं खरोखरच नाहीत!" अस्वलरावांनी खाली उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "म्हणजे लपवण्यासारखं होतं, हे बाईंचं म्हणणं शाबीत झालं. आता एकेकाने वर या. साक्षीदार हवेत."

सगळे एकेक करून वर आले. टकाचोर दोनदा आला.

निकाल शेवंताबाईंच्या बाजूने लागला. टकाचोराला कडक समज मिळाली. भिंतीची ढेकळं पुरावा म्हणून न्यायालयात जमा झाली. शिवाय अस्वलरावांनी स्वतः लक्ष घालून झाडावर एक मोठी पाटी लावून दिली: 'आत डोकावू नये. येथे पिसे नसलेली धनेशीण राहते. हुकुमावरून.'

रावजींनी पुन्हा चिखल आणला. शेवंताबाईंनी पुन्हा भिंत लिंपली. संध्याकाळी फटीशी एक डोळा आला.

"कोण?"

"परगावचा आहे, बाई. पाटी वाचली. खरं आहे का, ते बघत होतो."

शेवंताबाईंनी चोचीत चिखल घेतला आणि फट बुजवायला सुरुवात केली. आता काही झालं तरी कुणाला दिसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अर्धी फट बुजली, तेव्हा आतलं धाकटं पिल्लू भुकेने ओरडलं. शेवंताबाई थांबल्या. मग त्यांनी चिखल खाली टाकला आणि फटीकडे पाठ करून बसल्या.

तात्पर्य: चोरून बघणाऱ्याला फट पुरते, न्यायाने बघणाऱ्याला भिंत पाडावी लागते. म्हणून बाळांनो, तुमच्या घरात कुणी डोकावलं तर तक्रार करू नका. त्याला आत बोलवा, चहा पाजा. निदान बघणारा एकच राहील.